एक कान बाबांसाठी

हॅलो?

…हो, मीच. नाही, झोपलो नव्हतो. बाबांच्या पलंगाशी खुर्चीत बसलोय, ताई. उजेड बघतोय.

…उजेड गं, सकाळचा. समोरच्या इमारतीच्या टाकीआडून आत्ता निघालाय. आधी पडद्याच्या शिवणीवर एक बारीक रेघ आली. मग ती जमिनीवर उतरली, बाबांच्या चपलांपाशी जराशी घुटमळली, पायात घालाव्यात की नाही असा विचार करत असल्यासारखी. तिथून पलंगाच्या लोखंडी कडेवर चढली आणि आता उशीवर आलीय. उशीला अजून त्यांच्या डोक्याचा खळगा आहे. त्या खळग्यात उजेड साचलाय, वाटीच्या तळाशी दूध राहावं तसा. थोड्या वेळानं तो स्टुलावर येईल, पाण्याच्या पेल्यावर, मग छतावर… हो, हो. ऐकतोय. तू बोल.

पोचलीस हॉस्पिटलमध्ये? पाहिलंस त्यांना? … डोळे उघडे आहेत? … आणि उजवा हात?

…अजिबात नाही?

…बरं. नुसता आवाज. शब्द नाही.

कोण विचारतंय? … डॉक्टर शेजारीच उभे आहेत? नमस्कार सांग त्यांना… बरं, बरं, नको सांगूस.

वेळ ना? सांगितली होती की अँब्युलन्सवाल्यांना. पाच. पाचला मी त्यांना पाणी दिलं, तेव्हा चांगले होते. सव्वासहाला बाथरूमला उठलो, वाटेत डोकावलो, तर पलंगाखाली पडलेले.

…परत सांग. सावकाश सांग, डोक्यात कापूस कोंबल्यासारखं झालंय माझ्या. … मेंदूत गुठळी. ती विरघळवायचं इंजेक्शन. साडेचार तासांच्या आत असेल तर गुण येतो. … आणि उशीर झाला असेल तर?

…मेंदूतच रक्तस्राव. म्हणजे औषधच जिवावर उठायचं.

कळलं. म्हणून वेळ हवी. … पाच, ताई. पाच म्हटलं ना!

…चिडत नाहीये. … परवा संध्याकाळपासून. … नाही, झोप अशी नाहीच. आमच्या टोळीची ऑनलाइन गेमची स्पर्धा होती, चाळीस तासांची. पाच जण, पाच शहरांत. एकाचा डोळा लागला की सगळ्यांचा किल्ला पडतो. … किल्ला खोटा आहे हे मलाही कळतं गं. बाबाही हेच म्हणायचे.

…'म्हणतात'. हो. म्हणतात. चुकून गेलं तोंडातून.

नाही, त्यांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं! गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नियमच आहे आमचा. बटण त्यांच्या पलंगाच्या कडेला बांधलेलं, घंटा पलीकडे माझ्या टेबलावर, आणि हेडफोन एकाच कानावर. त्यांनीच ठरवून दिलेलं. 'घुबडा, एक कान तुझ्या राक्षसांना दे, एक मला.' … डावा. डावा कान कायम उघडा असतो.

थांब.

…थांब ना जरा.

…घंटा वाजली.

…तुला नाही ऐकू आली? … कोण वाजवणार, घरात मी एकटाच आहे. जातोय टेबलापाशी, बघतो.

…दिवा नाही. भास होता.

…अगं, त्या घंटेवर एक निळा दिवा आहे, हरभऱ्याएवढा. बटण दाबलं की घंटेबरोबर तोही लागतो. कालपासून मला फ्रिजमध्ये, नळात, पंख्यात, जिथे तिथे घंटा ऐकू येतेय. रात्री दोनदा धावत गेलो, दिवा न बघताच. दोन्ही वेळा म्हणाले, 'मी नाही रे बोलावलं. झोप आता, नाहीतर माझ्याआधी तुलाच उचलून न्यावं लागेल.' … हसलो गं आम्ही. दोघंही हसलो.

…पाणी? पाणी स्पष्ट आठवतं. म्हणजे… उजेड आठवतो. पेल्यात ऊन शिरलं होतं आणि छतावर त्याचा गोल थरथरत होता. त्यांनी बोटानं दाखवला मला. 'बघ, फुकटचा सिनेमा.' मग घोटभर प्यायले आणि पेला माझ्या हातात दिला. उजव्या हातानं दिला, ताई, नीट. सांग डॉक्टरांना.

…काय?

…पाचला अंधार असतो?

…

हो. असतो.

मग सहा असेल. सहाला… ऐक ना, मी परत त्यांच्या खोलीत आलोय. पेल्यावर उजेड आत्ता येतोय. आत्ता, तुझ्याशी बोलताना. छतावर गोल आलाय. किती वाजले तुझ्या घड्याळात?

…सात पंचवीस.

आणि त्यांना नेलं साडेसहाला.

…म्हणजे तो उजेड आजचा नाही. कालचा आहे. पाणी मी काल सकाळी दिलं.

…खोटं नाही गं बोललो! शपथ. मला ते आजचंच वाटत होतं. दोन सकाळी एकमेकींना चिकटल्यात, ओले कागद चिकटतात तशा. सोडवायला गेलो की दोन्ही फाटतात. प्रेसमध्ये छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी, आणि माझ्याच घरातली सकाळ मला…

…हो. नाही. रडत नाहीये. विचार.

शेवटचं चांगलं कधी पाहिलं? पावणेएकला. दुसऱ्यांदा धावत गेलो तेव्हा. त्यानंतर एकदम सव्वासहा.

…मग आता? इंजेक्शन नाहीच?

…खरंच? अजून देता येईल? … पहाटे पहाटे झालं असेल तर. मेंदूचा फोटो तसा बरा दिसतोय, जोखीम घेता येईल म्हणतात. … फक्त एवढंच सांगायचं, मधल्या वेळात त्यांनी घंटा वाजवली होती का.

…

आहे, आहे. फोन चालू आहे. तू रडू नकोस ना.

'नाही वाजली असंच सांग'?

…तसं नाही म्हणालीस? बरं. मलाच ऐकू आलं मग.

…टेबलापाशी आलोय. स्क्रीन चालूच आहे. उठताना मी दर वेळी टोळीला लिहून जातो, ते सगळं वेळेसकट दिसतंय. बारा एक्केचाळीस, 'बाबांकडे जाऊन येतो.' मग एक बावन्न. 'घंटा वाजतेय पुन्हा.' … त्याच्याखाली, एक त्रेपन्न. 'भास आहे. चला.'

…नाही. तेव्हा उठलो नाही. डाव्या कानावरही हेडफोन ओढला.

…असेलही भास. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मीही सव्वासहापासून स्वतःला तेच घोकून दाखवतोय. दोनदा भास झाला होता, तिसऱ्यांदाही झाला असेल. कुणालाही पटेल. डॉक्टरांनाही पटेल.

…सांगू नकोस. थांब. अजून काही सांगू नकोस त्यांना.

ताई, फोन त्यांच्या हातात दे. … दे तू. … तुझ्याशी बोललो तर मला जमणार नाही, दे.

…

हॅलो, डॉक्टर? मुलगा बोलतोय मी त्यांचा. इंजेक्शन देऊ नका, साडेचार तास उलटलेत; घंटा एक बावन्नला वाजली होती.

…हो, एक बावन्न. खात्री आहे.

…भास नव्हता. दिवा लागला होता. मी पाहिला होता.