नळीची चीर

हार्ट हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी पिंपळगावचे रंगनाथकाका उपाशी बसले होते. सिस्टर बाहेर आल्या.

"काका, आज तपासणी नाही. घशातून घालून हृदय बघायच्या नळीला चीर सापडली."

"सकाळपासून पाणीबी नाय प्यालो मी! केवढी चीर?"

"डोळ्यांना दिसतही नाही. मशीनवर तपासली तेव्हा कळलं."

"मग धुवून घ्या ना औषधानं."

"चिरेत औषध पोचत नाही. आधीच्या पेशंटचे जंतू आत राहतात."

"हां. आमच्या पॅकहाउसात तडकलेला एक मणी राहिला, तर आख्खी द्राक्षाची पेटी नासती."

"तसंच."

"अन् काल कुणाला घातली असंल, तवा तपासली व्हती?"

"काल घाईत राहून गेलं, काका. ज्या बाईंना घातली, त्यांच्या मुलाला बोलावून घेतलंय."

मी आईचा कालचा रिपोर्ट घेऊन उठलो.