टाच दबता कामा नये

प्लोवदिवमधल्या बुटांच्या दुकानात मी पैसे द्यायला रांगेत उभी होते. शेजारच्या बाकावर साठीची आई आणि तिची मुलगी बूट घालून बघत होत्या.

"आई, हे घे. मी नदीकाठी पळते ते ह्यातच. ढगावर चालल्यासारखं वाटतं."

"मला ढग नकोत, नेवेना. टाच दबता कामा नये. अहो दुकानदार, तो लाकडी टाचेचा जोड दाखवा."

"अगं, ते वजनं उचलणाऱ्यांचे बूट! तुला पळायचंय ना?"

"पळायचं मी कधी म्हटलं? ईस्टरपासून व्यायामशाळेत जाते मी. वजनं उचलायला शिकते."

"ह्या वयात? कंबर मोडून घेशील."

"मोडता मोडता वाचली. असल्याच मऊ बुटात पाय डगमगला आणि आम्ही दोघंही न्हाणीघरात आडवे झालो."

"दोघं?"

"मी आणि तुझे बाबा."

"बाबा तर काठी घेऊन चालतात. तूच फोनवर सांगतेस."

"फोनवर चालतात. घरात त्यांना उचलून उठवावं लागतं, पलंगावरून, खुर्चीतून."

"आणि तू एकटी..."

"रडू नकोस गं, लोक बघतायत. आता जमतं मला. गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, टाचा जमिनीला घट्ट. उचलताना बाबा हसतात. म्हणतात, पदक मिळालं तर अर्धं माझं."

मुलीनं नाक पुसलं आणि पळायचे बूट फळीवर ठेवून दिले.

"दादा, ह्या लाकडी टाचेत एकोणचाळीस नंबर आहे?"

"माझा सदतीस गं."

"माझ्यासाठी विचारतेय. शनिवारी घरी येते. मला शिकव."