कालची फुलं

दालेंदा : आत्ता निघालात तर बाबांशी बोलता येईल, काका. गोळीचा असर उतरला की त्यांचा आवाज फुटत नाही.

खमीस : सख्ख्या भावानं भर बाजारात माझी लाज काढली. आता त्याचा आवाज फुटत नाही म्हणून मी धावत येऊ?

दालेंदा : फुलं शिळी आहेत, एवढंच म्हणाले ते.

खमीस : आपल्या नाबुल गावात नारिंगाची फुलं विकणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. पहाटे दवात खुडलेली फुलं, पोरी. बाजारातल्या त्याच्या अर्काच्या भट्टीपाशी टोपली टेकवली, त्यानं नाक खुपसलं आणि म्हणाला, कालची आहेत. त्यानंतर माझी फुलं कुणी घेतली? बाग तोडून मिरच्या लावल्या मी.

दालेंदा : फुलं ताजीच होती. डॉक्टरीणबाईंनी आज सांगितलं. बाबांच्या या कंपवातात मेंदूतल्या पेशींमध्ये नको ते साचत जातं, आणि त्या एकेक करून मरतात. पुष्कळांचा वास आधी जातो. हात थरथरायला लागतो कित्येक वर्षांनी, तोवर हालचालीच्या पेशीही निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. बाबांचं नाक मेलं होतं, काका. त्यांना वाटलं, फुलांतच वास नाही.

खमीस : जन्मभर अर्क काढला त्यानं. आणि त्याला कळलं नाही?

दालेंदा : अर्क काढणारा स्वतःच्या नाकावर शंका घेतो का कधी?

खमीस : त्याला सांगितलंस हे?

दालेंदा : सांगितलं. चेहरा हलत नाही आता त्यांचा. नुसतं डोळ्यांतून पाणी आलं. मग तुमचं नाव घेतलं.

खमीस : गाढव आहे. लहानपणापासून गाढवच. थांब, कॉफी घे, मग निघू. ही बाटली तू आणलीस ना?

(तो कॉफीत बाटलीतलं नारिंगफुलांचं पाणी घालून पेला तिच्यापुढे करतो.)

दालेंदा : काका, केवढं घातलंत हे? तोंडाशी धरवत नाही.

खमीस : थोडं जास्त झालं असेल. हल्लीच्या पाण्याला वास असतो कुठे? सगळी भेसळ.

दालेंदा : हे मी काढलंय, काका. कालच. आमच्याच भट्टीत.

खमीस : आण इकडे. (तो पेला नाकाशी धरतो.)

दालेंदा : काका... येतोय का वास?

खमीस : माझी काठी दे. आणि हे त्याला सांगू नकोस. त्याला वाटू दे, मी माफ करायला आलोय.