उजवीकडचं कार्ड

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या कामाच्या धबडग्यातून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मुलांचे ‘मोठे सर’, शाळेचे पदाधिकारी, माझे सहकारी, पालक, आणि पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मघापासून एकमेकांना कोपरानं ढोसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सत्काराला उत्तर म्हणून मी घरून एक भाषण लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू द्यावं, असं मी अर्ध्या तासापूर्वी ठरवलं. त्यात आभार होते, आठवणी होत्या आणि एक विनोदही होता. तो विनोद मी आमच्या घरच्यांना दोनदा ऐकवला होता आणि ते दोन्ही वेळा हसले नव्हते. तेव्हा आपलं फारसं नुकसान होत नाहीये.

मोठ्या सरांनी आत्ता मानपत्र वाचलं. त्यात एक ओळ होती, ‘मुलांना चुकीशी मैत्री करायला शिकवणाऱ्या बाई.’ त्या ओळीला मी मान खाली घातली. आपल्याला ती नम्रता वाटली असेल. ती लाज होती. कशाची, हे सांगायचं तर आधी थोडं समजावून सांगावं लागेल. शिक्षकाची ही खोड निवृत्तीच्या दिवशीही जात नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

तिसरी-चौथीच्या मुलांना आम्ही कोडिंग शिकवतो म्हटलं, की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “बाई, वर्गात कॉम्प्युटर किती आहेत?” एकही नाही. त्या वयाला तो लागतही नाही. लागतो एक खडू, फरशीवर आखलेले चौकोन, पुठ्ठ्याची काही कार्डं आणि एक यंत्र. कार्डांवर लिहिलेलं असतं, ‘एक चौकोन पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’, ‘उचल’, ‘दे’. मुलांनी ती कार्डं क्रमानं लावायची आणि मोठ्यानं वाचायची. यंत्रानं ती पाळायची. आणि यंत्र म्हणजे मी, डोक्यावर खोकं घालून.

या खेळाचा नियम एकच. कार्डावर जे आहे तेच यंत्र करतं; त्याहून अधिक नाही, उणं नाही. यंत्राला माया नसते, समजूतदारपणा नसतो, आणि मुख्य म्हणजे भीड नसते.

नवीन वर्ग आला, की पहिल्या दिवशी मी मुलांना म्हणते, “यंत्राला दात घासायला शिकवा.” सगळे हात वर. कोणीतरी सांगतं, “ब्रशवर पेस्ट ठेव.” मी अख्खी ट्यूब उचलून ब्रशवर ठेवते. “बाई, तसं नाही! टोपण काढा!” मी टोपण काढते आणि ट्यूब पुन्हा तशीच ब्रशवर ठेवते. “आता ब्रश तोंडात घाला!” मी दांड्याकडून घालते. वर्ग लोळतो हसून. मग हळूहळू हसू ओसरतं, डोकी एकत्र येतात आणि कोणीतरी म्हणतं, “अरे, आपण सांगितलंच नाही ना!” माझी सगळी नोकरी मी त्या एका वाक्यासाठी केली, असं म्हटलं तरी चालेल. ‘यंत्र बावळट आहे’ इथून ‘आपण सांगितलं नाही’ इथपर्यंत येणं, हा फार मोठा प्रवास आहे. कित्येक मोठी माणसंही अजून वाटेतच आहेत.

त्याचे चटके घरोघरी बसतात, याची मला कल्पना आहे. घड्याळं दुरुस्त करणारे एक पालक एकदा तक्रार घेऊन आले. “बाई, आमची लेक आजीला म्हणते, ‘आजी, तिकडे ठेव म्हणजे नेमकं कुठे?’ आजी म्हणाली, ‘ठेव माझ्या डोक्यावर!’ तर हिनं खरंच पातेलं उचललं!” मी दिलगिरी व्यक्त करणार, एवढ्यात तेच म्हणाले, “आजी चिडते खरी. पण बाई, घरातल्या वस्तू जागच्या जागी सापडायला लागल्यात.”

वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचे पूल बांधतानाही आमची तीच रीत. पूल कोसळला, की टाळ्या वाजवायच्या आणि मग नेमका कुठला जोड सुटला, ते शोधायचं. सेलवरचा छोटा दिवा लागला नाही, की तारांना दोष द्यायचा नाही. बोटानं विजेची वाट पहिल्यापासून चाचपायची. मोठे सर सुरुवातीला दारातून डोकावून विचारायचे, “बाई, वर्गात काही पडलं का?” आणि मुलं अभिमानानं ओरडायची, “हो सर! पूल!”

हे सगळं सांगितलं, कारण आता मला आजच्या प्रात्यक्षिकाकडे यायचं आहे. आपण सर्वांनी ते पाहिलंत. टाळ्याही वाजवल्यात. आपण काय पाहिलंत, ते मी आपल्याला सांगते.

चौथीतल्या ज्या मुलीनं कार्डं लावली, तिला वर्गात सगळे ‘पणबाई’ म्हणतात. कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई’ असंच सुरू होतं. “पण बाई, बर्फ पाण्यावर का तरंगतो?” “पण बाई, कालचं उत्तर वेगळं होतं.” काही शिक्षकांना तिचा वैताग येतो, मला तिच्याशिवाय तास सपक वाटतो. आज तिला काम होतं, यंत्राकडून प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ देववण्याचं. दारापासून मधल्या वाटेनं यंत्र पुढे येणार. पाहुण्यांची खुर्ची यंत्राच्या डाव्या हाताला, चहाच्या कपांचं टेबल उजव्या हाताला.

आता एक बारीक गोष्ट. वर्गात मुलं नेहमी यंत्राच्या मागे उभी राहतात. मागे उभं राहिलं, की यंत्राचा डावा हात तो आपलाही डावा. आज मात्र फोटोग्राफर म्हणाले, “बाळ, तू पुढे ये. तोंड लोकांकडे कर, पाठ नको.” त्यांचा काही दोष नाही, त्यांना चांगला फोटो हवा होता. दोष माझा. मी ते ऐकलं, आणि मला तत्क्षणी कळलं की ही मुलगी आता माझ्या समोर, माझ्याकडे तोंड करून उभी राहणार, आणि माझं डावं ते तिचं उजवं होणार. मला कळलं आणि मी गप्प बसले. मोठे सर सकाळीच म्हणाले होते, “बाई, आज सगळं गोड होऊ दे.” म्हटलं, कशाला आता व्यवस्था बदलायला लावायची?

मुलीनं समोरून पाहिलं. तिला पाहुणे तिच्या उजव्या हाताला दिसले. तिनं विचार करून ‘उजवीकडे वळ’ हे कार्ड लावलं. आणि खणखणीत आवाजात वाचलं.

मी डावीकडे वळले.

उजवीकडे वळले असते, तर मी थेट कपांच्या टेबलावर आदळले असते. कप फुटतील म्हणून मी वळले नाही, असं मला म्हणायला आवडलं असतं. कप कागदाचे आहेत. मी डावीकडे वळले, कारण पाहुण्यांनी हात पुढे केले होते, कॅमेरे रोखले होते आणि या शाळेतल्या माझ्या शेवटच्या टाळ्या मला हव्या होत्या. खोक्याला समोर दोन भोकं आहेत. मला सगळं दिसत होतं.

टाळ्यांच्या कडकडाटात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “पण बाई, मी उजवीकडे म्हटलं होतं.”

मी खोक्यातून म्हणाले, “असू दे गं. हस, फोटो काढतायत.”

ती हसली नाही. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग ती मागे वळली, मघाच्या माझ्यासारखी, दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनं पुन्हा हाताकडे पाहिलं. मंडळी, तिनं तिथल्या तिथे स्वतःची चूक शोधली! दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, हे मी अख्खं वर्ष शिकवते आणि तरी निम्म्या वर्गाला जमत नाही. ज्या वेळी मी खोकं काढून फेकून नाचायला हवं होतं, त्या वेळी मी तिला हसायला सांगत होते.

मग ती जागेवर जाऊन बसली. शेजारची मुलगी तिला म्हणाली, “काय भारी केलंस गं!” ती म्हणाली, “मी नाही केलं. यंत्रानं केलं.” मी तेव्हा शाल घेत होते. ते मला नीट ऐकू आलं.

आपण म्हणाल, बाई, एवढंसं ते, किती ताणताय! एका पुष्पगुच्छाचा तर प्रश्न. पण उद्यापासून ही मुलगी कार्ड लावताना कशाला तपासेल? बाई घेतील समजून. माणसं महत्त्वाची असली, कॅमेरा असला, की खरं-खोटं बाजूला ठेवून हसायचं असतं, हेही ती आज माझ्याकडूनच शिकली. उद्या मी या शाळेत नसेन. तिला दुसरं काही शिकवायला माझ्याकडे आजचाच वेळ आहे.

म्हणून आता आभार मानते आणि मग अध्यक्षांकडे एक परवानगी मागते. ज्यांनी हा समारंभ इतक्या आपुलकीनं आखला, त्या सहकाऱ्यांची मी ऋणी आहे. खडूनं चितारलेली फरशी रोज न कुरकुरता पुसणाऱ्या शिपाईमामांची, घरी पातेली डोक्यावर झेलणाऱ्या आज्यांची, आणि न हसणाऱ्या आमच्या घरच्यांचीही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर ते आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. फक्त मघाच्या त्या वळणाची माफी आपल्याकडे मागून उपयोग नाही. ती द्यायचा अधिकार तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला आहे.

अध्यक्ष महोदय, तेच प्रात्यक्षिक पुन्हा करण्याची परवानगी द्यावी. तीच कार्डं, त्याच क्रमानं. ... आभारी आहे. साहेब, आपण कृपया पुन्हा त्याच खुर्चीत बसा; पुष्पगुच्छ मात्र मिळेलच असं नाही. शिपाईमामा, टेबल हलवू नका. चहा ओतला नाहीत ना? मग राहू द्या.

पणबाई, येतेस का? ... काय? मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

ती म्हणते आहे, “नको. तुम्ही परत तुमच्या मनानंच वळाल.”

ऐकलंत? बरोबर बोलली. ज्या यंत्रानं एकदा फसवलं, त्याच्यावर तिनं का विश्वास ठेवावा? मीही नसता ठेवला. थांब, मला एक मिनिट विचार करू दे.

चित्रकलेच्या बाई, तुमच्याकडे चिकटपट्टी आणि काळा कागद असेल ना? द्या तिच्याकडे. पणबाई, हे खोकं घे आणि त्या दोन्ही भोकांवर कागद चिकटव. तुझ्या हातानं, तुझी खात्री पटेपर्यंत. प्रकाशाची तिरीपसुद्धा आत यायला नको. आणि फोटोग्राफरसाहेब, आपण जरा बाजूला व्हा; आता तिनं कुठे उभं राहायचं, ते तीच ठरवेल.

झालं? कडा दाबल्यास? आण, घालते.

कोणीतरी माझ्या हातातला हा माइक घ्या आणि बंद करा. मला आता काहीच दिसत नाही. निदान तिचा आवाज तरी नीट ऐकू आला पाहिजे. मी धडपडले, तरी कोणी धरायला येऊ नका.

वाच बाळ, पहिलं कार्ड.