अकरा दिवस फाटकाबाहेर

मुलगी: आईला जाऊन तीन आठवडे झाले, आणि शिक्षक संघटनेचं माणूस येतंय ते आज.

मास्तर: दोनदा जिन्यापर्यंत आलो होतो. पाय वर चढेनात.

मुलगी: तुम्ही तर सेक्रेटरी होतात. शाळेनं तिची नोकरी खाल्ली, तेव्हा तुम्हीच तिच्या बाजूनं लढला असाल.

मास्तर: असं ती म्हणाली?

मुलगी: ती काहीच म्हणाली नाही. जन्मभर स्वयंपाकघरात शिकवण्या घेतल्या. एकीकडे कुकर, एकीकडे अपूर्णांक. तुम्ही लढलात, हे आम्हीच आपलं धरून चाललो.

मास्तर: मग ऐक. तू तीन-चार वर्षांची असशील. शाळेत सात हंगामी शिक्षिका होत्या. सुट्टी लागली की त्यांना काढायचं, शाळा उघडली की परत घ्यायचं. तुझी आई कायम होती, तिला कसली झळ नव्हती. तरी त्यांच्यासाठी संप करायचं तिनंच काढलं, आणि आम्ही सगळे उतरलो. एकोणचाळिसाव्या दिवशी संचालकांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, कायम शिक्षकांचं सगळं मान्य, हंगामींचं नाव काढू नका. माणसं थकली होती गं. मी सही केली.

मुलगी: आईला न विचारता?

मास्तर: विचारलं असतं तर सही झाली नसती. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, आम्ही खाली मान घालून आत गेलो. ती त्या सात जणींबरोबर फाटकाबाहेर उभी राहिली. अकरा दिवस. माझ्या वर्गातून दिसायची. मी फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहायचो. बाराव्या दिवशी तिला काढल्याचं पत्र निघालं. ते द्यायला मलाच पाठवलं.

मुलगी: काय म्हणाली?

मास्तर: पाकीट घेतलं. म्हणाली, "सहावीची पोरं भागाकारात कच्ची आहेत, तेवढं बघा."

मुलगी: आणि त्या सात जणी?

मास्तर: पांगल्या. एकीलाही परत घेतलं नाही.

मुलगी: आणि आई पुन्हा भेटली तुम्हाला?

मास्तर: पुढं तीस वर्षं बाजारात भेटायची. माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. एकदा चारचौघांत चार शब्द सुनावले असते, तर सुटलो असतो.

मुलगी: म्हणून आता माझ्याकडे आलात?

मास्तर: हो.

मुलगी: मी तिचीच मुलगी, मास्तर. पाणी देऊ का तुम्हाला?