लाडूने बाबांना बुडू दिलं नाही

कुत्रा घेताना त्याची जात मुळात कशासाठी जोपासलेली आहे ते आधी विचारा, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो. मी नव्हतं विचारलं. महाड एमआयडीसीत नोकरी लागली आणि हौसेने लॅब्रेडॉरचं पिल्लू घेऊन पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीवर गेलो. नाव ठेवलं लाडू.

बाबा म्हणाले, "ह्यो राखण नाय करायचा. चोराचे पाय चाटंल! परत ने त्याला."

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "पाण्यात रमणारी जात आहे. उन्हाळ्यात त्याला पोहायला नेत जा."

लाडू वर्षाचा झाला तेव्हा आम्ही त्याला वाडीखालच्या डोहावर नेलं. बाबांनी सूर मारला आणि ते पाण्याखाली दिसेनासे झाले. लाडू कळवळून भुंकला आणि त्याने थेट उडीच घेतली. बाबांचं डोकं वर येताच त्याने त्यांचा दंड तोंडात धरला आणि काठाकडे ओढायला लागला.

"सोड रे! मला पवता येतंय!" बाबा ओरडत होते. काठावर धुणं धुणाऱ्या बायका, त्यात आईही, हसून बेजार झाल्या. लाडूने बाबांना बाहेर काढूनच सोडलं.

मला वाटलं, आता याची रवानगी नक्की. पण बाबा त्याला कुशीत घेऊन म्हणाले, "ल्हानपणापासून पवतोय हितं. माझ्यासाठी घाबरणारा ह्यो पयलाच!"

आईने धुणं खाली ठेवलं. "आनि लगीन झाल्यापासून मी हितं काय निस्ती कापडं धुवाय येते?"