दहापैकी किती दुखतंय

नाही नाही, तू बोल आईशी निवांत, मी थांबते — झालं? ठेवलास? मग आता माझं ऐक. मराठी ऐकलं म्हणून उठून आले रे, तिकडं पाण्याच्या मशीनपाशी उभी होते, तुझं 'अगं आई, मोडलं नाहीये, नुसती चीर आहे' कानावर आलं आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. तू म्हटलेलं चालेल ना? भाच्याच्या वयाचा आहेस माझ्या. नाव काय? रुचिर. मी क्षिप्रा, मूळची कर्वेनगरची, आता सिंगापुरात, इथं बेडोकला असतो आम्ही. रुचिर, माझं एक काम कर. त्या काउंटरवर जा, आणि ती निळ्या कपड्यातली नर्स आहे ना, चष्मेवाली, तिला शांतपणे सांग की आत माझा नवरा बसलाय आणि त्याला डॉक्टरनं आत्ता बघायला हवं, आत्ता, नंबर लागेल तेव्हा नाही. एवढंच. — मी का नाही सांगत? सांगितलं ना! दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढला माझा, तर त्या सिक्युरिटीच्या अंकलनं मला दंडाला धरून — नाही, धरलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू — हात करून खुर्ची दाखवली, 'मॅडम, सिट डाउन फर्स्ट, कॅन?' आता मी नुसती उठले तरी त्या सगळ्या एकमेकींकडं बघतात. मी म्हणजे आता इथली ओरडणारी बाई. तू गेलास तर ऐकतील. तुझा आवाज खाली आहे, कपडे बरे आहेत, हात गळ्यात आहे. तुझं ऐकतील.

काय झालंय म्हणतोस? तेच तर कुणीतरी बघायला हवंय! जेवून उठलो दुपारी, रविवार म्हणून वरण-भात केला होता, नीट जेवला, मग आतल्या खोलीत काहीतरी खुडबुड करत होता — मी चहाचं विचारायला गेले तर हा पलंगाच्या कडेला बसलेला, पांढराफटक, एसी चालू आणि शर्ट घामानं ओला. म्हटलं काय होतंय, तर म्हणे पाठीत जरासं धरलंय. जरासं! इथं, खांद्यांच्या मधोमध. मी हात लावला तर झटकला माझा हात, आणि लगेच सॉरी म्हणाला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवते म्हटलं, तर नको म्हणे, खरी गरज असेल त्याला लागेल ती. टॅक्सीत पुढच्या सीटची पाठ धरून बसला होता, मी नुसती त्याची बोटं बघत होते. इथं आल्यावर त्यांनी ईसीजी काढला, तो म्हणे ठीक आहे. मग आतल्या नर्स मुलीनं विचारलं, दुखतंय किती, शून्य ते दहा — शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. काय म्हणाला असेल हा? तीन! अरे, तीन मला पोळ्या लाटताना मनगटात होतं. तीन म्हटल्यावर त्यांनी तीनच लिहिलं, त्यांचं तरी काय चुकलं, आणि दिला खुर्चीवर बसवून, पोट बिघडलेल्यांच्या आणि पाय मुरगळलेल्यांच्या रांगेत.

आता तू म्हणशील, तो तीन म्हणतोय तर बायको कशाला थयथयाट करतेय. थांब, नीट सांगते, नाहीतर तिकडं जाऊन भलतंच बोलशील. फर्गस स्कॉटलंडचा आहे. इंग्लिश म्हणू नकोस हं, जगात तेवढी एकच गोष्ट त्याला लागते, आणि इथं रोज कुणीतरी म्हणतंच — टॅक्सीवाले विचारतात, इंग्लंडमध्ये कुठं, हा सांगतो स्कॉटलंड, ते म्हणतात सेम सेम. त्यापेक्षा आमची आई बरी, नाव ऐकल्याबरोबर म्हणाली फर्ग्युसन रस्त्यासारखंच आहे की, ओळखीचं. तेव्हापासून फर्गसराव म्हणते त्याला. तर अ‍ॅबर्डीनच्याही वर समुद्रकाठी यांचं गाव, मासेमारीचं, आणि त्या गावात दुखतंय म्हणायची पद्धतच नाही. खरंच नाही! याच्या वडिलांचं बोट बोटीवर दोराच्या चाकात सापडलं, अर्धं तिथंच गेलं, तर त्या माणसानं फडकं गुंडाळलं, जाळं वर ओढून घेतलं आणि घरी येऊन चहा मागितला. हे मला त्याच्या बहिणीनं जेवताना सांगितलं, आणि सगळे हसत होते, मी एकटी घास हातात धरून बसलेली. सासूबाई गेल्या तेव्हा — तिकडं पेटी खाली सोडताना दोऱ्या घरच्या माणसांनीच धरायच्या असतात, डोक्याकडची दोरी थोरल्या मुलानं. यानं धरली. सोडली. आणि गाडीत बसताना मला म्हणाला, पाऊस आला नाही ते बरं झालं. मी रडत होते, अरे, मी! सासूबाईंशी माझी भेट जेमतेम चार वेळा झालेली.

कौतुकाचंही तसंच. शेजारच्या आंटीनं न्यू इयरला अननसाचे टार्ट दिले घरी केलेले, तर दारात उभा राहून म्हणाला, वाईट नाहीत. झालं! त्या परत कधी घेऊन आल्या नाहीत, आणि हा दर वर्षी वाट बघतो. 'वाईट नाहीत' ही त्याच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी आहे, हे मी कुणाकुणाला सांगत फिरू? आमच्या लग्नात मी पैठणी नेसून बाहेर आले, नथ, सगळं, आणि हा वर-खाली बघून म्हणतो — चालशील. चालशील! दोन दिवस बोलले नव्हते मी. मग त्याची बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, आमच्या बाबांनी आईला एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं कधी.

आणि इथं आल्यापासून होतं तेही बोलणं गेलं. त्याचं इंग्रजी कळत नाही कुणाला. तिकडं तुआसला जहाजांच्या यार्डात असतो तो, सुरक्षेचं काम, तिथं प्रत्येक वाक्य तीनतीनदा — सॉरी? कम अगेन? हळू बोलून बघितलं, तर लोकांना वाटलं हा आपल्याला मूर्ख समजतो. जोरात बोलला, तर रागावला म्हणून वर तक्रार. मग सोडलंच. आता हॉकर सेंटरला जेवण घेतानासुद्धा नुसतं बोट दाखवतो. माझी मैत्रीण आहे ऋता, ती मला तोंडावर म्हणाली, तुझा नवरा आमच्यात येऊन मिठाची गुळणी धरून बसतो, आम्ही काय त्याच्या पंक्तीचे नाही का? अगं बाई, तुमच्याकडं यायच्या आधी तो आंघोळ करताना 'नमस्कार, कसं काय, बरं आहे ना' म्हणून बघतो, मी ऐकलंय दाराबाहेरून! पण दारात आला की चार माणसं त्याच्या तोंडाकडं बघायला लागतात, आणि मग तो बूट काढत बसतो खाली मान घालून, बराच वेळ.

बघ, परत मी पाल्हाळ लावलं. तू जातोस ना? — हो, विचारतील तुला कोण म्हणून. भाचा म्हणून सांग. नाही, खोटं नको, इथं खोटं चालत नाही. ओळखीचा म्हण.

पण हे ऐक आधी, हे महत्त्वाचं आहे. आत पहिल्यांदा त्या मुलीनं विचारलं ना काय होतंय, तेव्हा तो लगेच तीन नाही म्हणाला. आधी तो त्याच्या बोलीत म्हणाला की मला बरं वाटत नाहीये. एवढंच. रुचिर, अकरा वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं! डेंगी झाला होता तेव्हा नाही, नोकरी जात होती तेव्हा नाही. आणि ती मुलगी म्हणाली, सॉरी? तो पुन्हा म्हणाला, हळू. ती परत — सॉरी, सर? बिचारी काही वाईट नव्हती, मान पुढं करून ऐकत होती. मी मध्ये पडले, म्हटलं तो सांगतोय त्याला फार त्रास होतोय, लिहा, नऊ लिहा, दहा लिहा! तर मला म्हणाली, मॅडम, प्लीज, पेशंटला बोलू द्या. आणि पेशंटनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि म्हणाला फाइन. इट्स फाइन. बॅगचं चाक बसवताना पाठ लचकली असेल. झालं! चाक म्हटल्यावर त्यांचं कामच झालं, स्नायू आखडलाय म्हणे, आणि मला बाहेर काढलं. आपल्याकडं म्हणतात ना, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही — मग ज्याला रडायलाच शिकवलं नाही त्यानं काय करायचं? त्यानं मरायचं का?

कसली बॅग? काही नाही रे, माझी. गुरुवारी पुण्याला जायचंय, आईकडं. सहज. — सहज नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाहीये मी. का सांगतेय तुला हे, तुला काय करायचंय! थकले होते रे मी. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त माझा. महिन्यापूर्वी मी त्याच्यासमोर उभी राहिले, सरळ विचारलं, मी जाऊ की राहू? तुला मी हवी आहे की नाही, एकदा तोंडानं सांग. तर म्हणाला, तुला जे बरं वाटेल ते कर. मग काय, काढलं तिकीट. डायनिंग टेबलवरच ठेवलं होतं, मुद्दाम, दिसावं म्हणून. दिसलं त्याला. तारीख वाचून परत तिथंच ठेवलं त्यानं. आणि आज दुपारी ती खुडबुड चालली होती ना, ती तीच — माझ्या बॅगचं एक चाक तुटलं होतं, तो जमिनीवर बसून ते बदलत होता. कुठून तसलंच चाक शोधून आणलं होतं, देव जाणे. मी दारातून बघितलं आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, बघा, केवढी घाई झालीय याला मी जायची. असं वाटून मी स्वयंपाकघरात निघून गेले, आणि मुद्दाम भांडी घासत बसले. त्याला तेव्हाच दुखत असणार. तेव्हाच सुरू झालं असणार, आणि तो चाकच बसवत राहिला.

मी सगळ्यांना सांगत असते, फर्गस कुणाला कळत नाही, मला एकटीला कळतो. आंटीला सांगते, ऋताला सांगते, आत्ता तुलाही तेच सांगत होते. मला तरी कुठं कळतं रे! त्या मुलीनं तीन लिहिलं आणि मी तिच्यावर ओरडले, पण मीही त्याच्या 'तुला बरं वाटेल ते कर'चं तीनच लिहून मोकळी झाले. कळत नाही मला. तो चाक बसवत होता ते मी जावं म्हणून, की माझी बॅग कुठं अडू नये म्हणून, की ते चाक फिरवत मी परत यावं म्हणून — मला विचारायचंय त्याला. मी जात नाहीये गुरुवारी. हे अजून सांगितलं नाहीये मी त्याला, टॅक्सीत सांगणार होते, पण त्याची बोटं अशी पांढरी झाली होती की तोंडच उघडेना माझं. आणि तो आत एकटा बसलाय, बायको गुरुवारी निघून जाणार आहे असं समजून.

म्हणून जा. ऊठ. असं सांग — बघ, हसू नकोस, तंतोतंत असं सांग: हा माणूस तीन म्हणाला तर दहा समजा. फाइन म्हणाला तर पळत जा. त्याच्या चेहऱ्याकडं बघू नका, बोटांकडं बघा. आणि शर्ट अजून ओला आहे का ते बघा. इंग्रजीत नीट सांग, सावकाश, तुमच्या मीटिंगमध्ये सांगतात तसं. रडू नकोस, ओरडू नकोस. आणि तिनं तुला सॉरी म्हटलं ना, तर परत सांग. तिसऱ्यांदाही सांग. कंटाळू नकोस, एवढंच कर माझ्यासाठी, कंटाळून फाइन म्हणू नकोस.

थांब. ती दार उघडून बाहेर आली. हीच ती, तीन लिहिणारी. कुणाला तरी शोधतेय — मी? येस! येस, मीच, फर्गसची वाइफ. हिअर!

काय म्हणाली? — तू ऐकलंस ना? मला बोलावतोय म्हणाली. आत या, तो सारखा तुम्हाला बोलावतोय, असंच म्हणाली ना? सारखा? फर्गस?

बस तू, रुचिर. नको जाऊस. आता काही सांगू नकोस त्यांना.

त्यानं सांगितलं.